नेल रायटर शिकणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आणि आसपास मेंटॅलिझम, म्हणजे मनातलं ओळखून दाखवण्याचे जादूचे प्रयोग, शिकणारी मंडळी नेल रायटरबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका ठिकाणी घेतलं आहे. नुसतं गुपित जाणून घ्यायचं असेल तर पहिलं उत्तर वाचून थांबलात तरी चालेल. पुढचं सगळं, ज्यांना हे साधन हातात बसवायचं आहे त्यांच्यासाठी.

नेल रायटर म्हणजे नेमकं काय?

अंगठ्याच्या टोकाशी बसणारं, नखाएवढं किंवा त्याहूनही लहान साधन. त्यातून पेन्सिलीच्या शिशाचं टोक मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाहेर आलेलं असतं. प्रयोग असा दिसतो: तुम्ही कार्डावर काहीतरी लिहिता, पेन्सिल खिशात ठेवून देता आणि मग समोरच्याला मनात येईल तो आकडा विचारता. तो म्हणतो, ‘सत्तेचाळीस’. तुम्ही कार्ड त्याच्या हातात देता आणि त्यावर ४७ लिहिलेलं असतं. खरं लिहिणं आकडा ऐकल्यावर झालेलं असतं, कार्ड धरलेल्या हाताच्या अंगठ्याने. प्रेक्षकाच्या लेखी मात्र लिहिणं केव्हाच संपलेलं असतं, कारण पेन्सिल खिशात जाताना त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. थंब रायटर, स्वामी ही याच कुळातली दुसरी नावं.

‘स्वामी’ हे नाव कुठून आलं?

पाश्चात्त्य रंगमंचावर एके काळी फेटा बांधून हिंदुस्थानी योगी म्हणून वावरणारे बरेच कलावंत होते. नाव त्याच वळणाचं आहे. कल्पना मात्र आणखी जुनी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि इंग्लंडात ‘आत्मे पाटीवर लिहितात’ असं दाखवून पैसे घेणारे माध्यम होते. हेन्री स्लेड नावाच्या अशाच एका माध्यमावर १८७६ साली लंडनमध्ये खटला चालला. या धंद्यातली एक युक्ती म्हणजे शिंप्याच्या अंगुस्तानाला पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा बसवायचा आणि टेबलाखाली धरलेल्या पाटीवर बोटाने लिहायचं. म्हणजे ज्या साधनाने आज आपण लोकांना आनंद देतो, त्याचा एक पूर्वज गेलेल्या माणसाच्या आठवणीने व्याकुळ झालेल्यांना लुबाडण्यासाठी वापरला जात होता. हे शिकणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवं. कायद्याचा भाग पुढे आहे.

कुठला प्रकार घ्यावा?

ढोबळमानाने चार प्रकार. पट्टीचा अंगठ्याच्या टोकावर अंगठीसारखा चढतो. चिकट प्रकार दुहेरी टेपने अंगठ्याच्या मांसल भागावर बसतो. तिसरा नखाखाली सरकवायचा, आणि चौथा नखाच्या कडेला खोबणीने अडकणारा.

नवशिक्याने पट्टीचा घ्यावा. तो हलत नाही, घाम आला तरी सुटत नाही, आणि खिशात हात घालून एका झटक्यात चढतो. दिसायला तो सर्वांत मोठा, पण अंगठा कार्डाच्या आड असल्यामुळे तुम्हाला वाटतं तेवढं ते अडचणीचं नसतं. नखाखालचा प्रकार सर्वांत लहान आणि दिसायला सर्वांत सुबक. त्यासाठी नख दोन मिलिमीटर तरी वाढलेलं हवं. नखं खायची सवय असेल तर तो विसरा. चिकट प्रकार लिहायला सगळ्यांत सोपा, कारण शिसं थेट बोटाच्या गादीवर येतं आणि हात ओळखीची हालचाल करतो, पण तो चढवणं आणि लपवून काढणं दोन्ही अवघड.

पट्टी सैल वाटत असेल तर आतून कागदी मेडिकल टेपचा एक पदर लावा. घट्ट असेल तर मात्र ओढून-ताणून घालू नका. दहा मिनिटांत अंगठ्याचं टोक लाल पडतं आणि लोकांना तेच आधी दिसतं. गुजरीतल्या एखाद्या सोनाराकडून अंगठ्याच्या मापाची पातळ पितळी पट्टी करून घेता येते. माप अंगठ्याच्या वरच्या पेराचं द्या, नखाच्या मुळाशी घेतलेलं. पितळ चकाकतं, म्हणून वरून त्वचेच्या रंगाचा, चमक नसलेला रंग लावून घ्यावा लागतो.

घरी बनवता येतो का?

येतो, आणि एकदा तरी बनवावाच. बिघडलं तर दुरुस्त कसं करायचं ते त्यातून कळतं.

मुदत संपलेलं प्लास्टिकचं कार्ड घ्या, बँकेचं वगैरे. त्याची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते आणि ती बरोबर पुरते. त्यातून ८ × ६ मिलिमीटरचा तुकडा कापा, कोपरे पॉलिश पेपरवर गोल करा. चिमट्यात धरून उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा आणि गरम असतानाच जाड मार्करच्या नळीवर फडक्याने दाबून धरा, म्हणजे त्याला अंगठ्यासारखा बाक येतो. मधोमध दोन मिलिमीटरचं भोक पाडा. भोक पाडायला ड्रिल नसेल तर तापवलेली सुई चालते, पण कडेला वितळलेलं प्लास्टिक साचतं ते ब्लेडने तासून घ्या. दोन मिलिमीटर जाडीच्या शिशाचा तीन मिलिमीटर लांब तुकडा भोकात बसवा, बाकाच्या बाहेरच्या अंगाला एक मिलिमीटर राहील असा. आतल्या बाजूने एम-सीलचा तांदळाच्या दाण्याएवढा गोळा दाबा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आतली बाजू घासून सपाट करा. ती खडबडीत राहिली तर टेप नीट धरत नाही आणि लिहिताना तुकडा डुलतो.

झटपट चिकटणारा गोंद त्वचेवर किंवा नखावर कधीही लावू नका. तो कातडी ओढून काढतो. अंगठ्याला लागेल ती फक्त टेप.

शिसं कुठलं?

इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानात क्लच पेन्सिलीची दोन मिलिमीटर जाडीची शिसं मिळतात. सुरुवातीला टू-बी घ्या, हात हलका झाला की फोर-बी. एचबी फिकं उठतं, मग माणूस दाबतो, आणि दाबलं की मनगट हलतं. शून्य पॉइंट पाचचं बारीक शिसं अंगठ्याच्या कोनात टिकत नाही, पहिल्याच वळणाला तुटतं.

काचेवर खुणा करायची मेणचट पेन्सिल असते, तिचं शिसंही वापरतात. ते अजिबात न दाबता काळंभोर उठतं आणि आवाज करत नाही. दोन तोटे: एप्रिल-मेच्या उन्हात खिशात ते मऊ पडतं, आणि लिहिल्यावर अंगठा त्यावरून गेला की फासतं. वापरायचं असेल तर लिहून झाल्यावर अंगठा उचलून बाजूला घ्यायची वेगळी सवय लावावी लागते.

शिसं झिजतं. बाहेर आलेलं टोक अर्ध्या मिलिमीटरवर आलं की शिशाऐवजी प्लास्टिक कागदावर घासायला लागतं आणि रेघ मधेच तुटते. प्रत्येक कार्यक्रमाआधी एका रद्दी कार्डावर एक रेघ ओढून बघा.

आणि खिशात ठेवायची पेन्सिल?

त्याच जातीची. गिमिकमध्ये, म्हणजे अंगठ्यावरच्या या लपवलेल्या साधनात, फोर-बी असेल तर पेन्सिलही फोर-बी, आणि तिचं टोक झिजवून बोथट केलेलं. गिमिकची रेघ नेहमी जाड येते. कार्डावरचं वाक्य टोकदार पेन्सिलीने आणि आकडा जाड रेघेने उमटला तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकेल. वाक्य बॉलपेनने लिहून आकडा पेन्सिलीने काढणं ही तर नवशिक्यांची सर्वांत जास्त दिसणारी चूक.

कार्ड कसं हवं?

व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचं, ९ × ५.५ सेंटिमीटर, ३०० जीएसएम, बिगर लॅमिनेशनचं. प्रेसवाला सवयीने लॅमिनेशन करून देतो, आणि मॅट लॅमिनेशन हाताला कागदासारखंच लागतं. त्यावर शिसं नुसतं घसरतं. म्हणून ऑर्डर देताना ‘लॅमिनेशन नको, पेन्सिलीने लिहायचं आहे’ हे स्पष्ट सांगा आणि एक नमुना आधी मागून पेन्सिलीने लिहून बघा.

पातळ कागदाचे दोन त्रास आहेत. तो अंगठ्याखाली दबतो, आणि मागून दिवा असेल तर अंगठ्याची हलणारी सावली प्रेक्षकांना चक्क आरपार दिसते.

कुठल्या हाताच्या अंगठ्याला लावायचा?

ज्या हाताने लिहिता त्याच. अक्षराचं वळण थोडं तरी जुळतं. पेन्सिल खिशात ठेवताना गिमिक त्याच खिशातून त्याच हातावर येतो, हाही फायदा.

धरायचं आणि लिहायचं कसं, जरा जवळून सांगाल?

कार्ड खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ धरा. चार बोटं मागे, प्रेक्षकांकडे. अंगठा पुढे, तुमच्याकडे. तर्जनी बरोबर अंगठ्याच्या पाठीमागे येऊ द्या. शिसं जिथे टेकतं तिथे मागून आधार नसेल तर कार्ड थरथरतं.

अंगठ्याचं वरचं पेर वाकवलं की टोक खाली येतं, ही तुमची उभी रेघ. आडवी रेघ अंगठ्याच्या मुळातून येते आणि ती जात्याच थोडी कमानदार असते. अंगठा कार्डावर तिरका असेल तर आकडाही तिरका पडतो. यावर उपाय कार्ड फिरवण्याचा: छापील ओळ अंगठ्याला काटकोनात येईल असं ते हातात बसवून घ्या. गोल काढताना अंगठ्याने सगळं करायला जाऊ नका, मागच्या बोटांनी कार्डच एक-दोन मिलिमीटर सरकवा. अंगठ्याची हालचाल निम्म्यावर येते आणि गोल बंद होतो.

न बघता जागा कशी सापडायची? मोकळ्या जागेच्या डाव्या टोकाला, शाई संपलेल्या बॉलपेनने आधीच एक खळगा दाबून ठेवा. शिसं त्यात अडकतं आणि सुरुवात कळते. हा खळगा बघणाऱ्याच्या नजरेत येत नाही, बोटाला मात्र तो विहिरीएवढा लागतो.

आकड्याची उंची ८ ते १० मिलिमीटर ठेवा. त्याहून लहान काढला तर गोल बुजतात, मोठा काढला तर मनगट हलायला लागतं.

मराठी आकडे काढावेत की इंग्रजी?

आपल्याकडे दोन्ही चालतात. मराठी वाक्यापुढे इंग्रजी आकडा आला तर कोल्हापुरात कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. तेव्हा निवड अंगठ्याच्या सोयीने करा.

मराठीत ८ आणि ७ एका फटक्यात निघतात, ० सुद्धा. २ ची शेपूट लांबली की तो ३ वाटायला लागतो, ३ आणि ६ हे एकमेकांचे उलटे आकार असल्यामुळे घाईत अंगठा चुकीच्या बाजूला वळतो, आणि १ चं गोल बंद झालं नाही तर तो ९ शी जाऊन भिडतो. ४ ला छेद द्यावा लागतो, तिथे शिसं घसरतं. इंग्रजीत एक, चार, सात हे सरळ रेघांचे असल्यामुळे सोपे. आठ सर्वांत वाईट, कारण एकावर एक दोन गोल.

आमचा कल मराठीकडे आहे, कारण शाळेच्या पाटीपासून ते हाताला बसलेले असतात. पण ज्यांचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं आहे त्यांनी इंग्रजीच घ्यावेत. आजचा एक प्रयोग मराठीत, उद्याचा इंग्रजीत असं करू नका. अंगठ्याला एकच लिपी शिकवा.

आकडा ऐकण्यात चूक होते. काय करावं?

ही अडचण लिहिण्याइतकीच मोठी आहे आणि तिच्याकडे लक्ष कमी दिलं जातं. मराठीत दोन अंकी आकड्यात एकक आधी ऐकू येतो. ‘पंचे…’ कानावर पडलं की ५ कळला, ‘चाळीस’ नंतर येतं. सराव झालेली माणसं म्हणूनच उजवीकडचा अंक आधी काढतात आणि डावीकडचा मागून. त्याने अर्धा सेकंद वाचतो. पण ‘एक’ ऐकल्यावर थांबा! एकतीस आणि एकोणतीस यांची सुरुवात सारखीच आहे, आणि एकोण म्हटलं की एकक ९ होतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर या जोड्याही गोंगाटात फसवतात.

उपाय सरळ आहे. त्यालाच परत विचारा, दुसऱ्या भाषेत: ‘त्रेसष्ट म्हणजे सिक्स्टी-थ्री, बरोबर?’ कॉलेजच्या पोरांना हे अगदी स्वाभाविक वाटतं, तुमची खात्री होते आणि लिहायला दोन सेकंद मिळतात.

रोज किती सराव, आणि कसला?

रोज १५ मिनिटं पुरतात, पण खाडा नको. पहिल्या आठवड्यात गिमिक लावून फक्त घरात वावरा. कपात चहा घ्या, फोन लावा, सुट्टे पैसे मोजा. अंगठा अवघडल्यासारखा ताठ राहतो तोवर लिहायला घेऊच नका, कारण तो ताठ अंगठा प्रेक्षकाला कार्ड हातात यायच्या आधीच दिसतो.

दुसऱ्या आठवड्यात रेघा: एका कार्डावर २० उभ्या, २० आडव्या, मग २० गोल. तिसऱ्या आठवड्यात अंक, प्रत्येकी १० वेळा, कार्डाकडे बघत. चौथ्यात न बघता. पाचव्या आठवड्यापासून बोलत बोलत, आणि हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळू नका. बाराखडी म्हणत लिहा, पाढे म्हणू नका. पाढ्यांतले आकडे अंगठ्यात शिरतात. बोलणं लिहिताना अडखळलं तर तो अंक पुन्हा. मोबाइल समोर उभा करून चित्रीकरण करा आणि बघताना अंगठा सोडून द्या, खांदा, श्वास आणि कार्डाची वरची कड बघा. नवशिक्याचा श्वास लिहिताना थांबतो. ते त्याला स्वतःला कळत नाही, समोरच्या माणसाला मात्र जाणवतं.

खोटं लिहिणं पटत का नाही?

कारण ते फार लवकर उरकलं जातं. दोन अंकी आकडा लिहायला दीड-दोन सेकंद लागतात, तेवढेच घ्या. पेन्सिलीची मागची बाजू हलते ती खऱ्या अंकाच्या वळणाने हलली पाहिजे. उत्तम मार्ग म्हणजे काहीतरी खरंच लिहायचं: ‘तुम्ही निवडाल’ हे शब्द प्रेक्षकासमोर खरे लिहा, आणि पुढचे दोन अंक नखाने कार्ड खरवडत हवेत काढा. आवाजही खरा येतो. मग कार्ड एकदा स्वतः वाचल्यासारखं बघा, मान हलवा, पेन्सिल ठेवा. लिहून झाल्यावर माणूस लिहिलेलं बघतोच. ते न बघता पेन्सिल ठेवली तर खोटेपणा उघडा पडतो.

शक्य असेल तर पेन्सिल खिशात टाकण्याऐवजी समोरच्यालाच धरायला द्या. मग गिमिक कार्ड काढतानाच अंगठ्यावर आलेला हवा.

नेमकं केव्हा लिहायचं?

आकडा ऐकल्या-ऐकल्या नको. त्या क्षणी सगळ्यांची नजर तुमच्यावर असते. नजर सांगणाऱ्याकडे वळवा: ‘मागच्यांना ऐकू गेलं नाही, जरा मोठ्यानं सांगा.’ लोक त्याच्याकडे बघतात, तुम्हीही बघा, आणि तेव्हा लिहा. दोन अंकांना दोन-तीन सेकंद भरपूर झाले. लिहून झाल्यावर हात खाली सोडा, एक वाक्य बोला, मग कार्ड पुढे करा. आकडा आणि कार्ड उघडणं यांच्यात ते एक वाक्य हवंच.

‘आकडा बदलायचा आहे का?’ हे विचारावं का?

विचारावं, परिणाम चांगला होतो. पण लिहिण्याआधी! उत्साहाच्या भरात लिहून झाल्यावर विचारलं आणि त्याने ‘बावन्न करा की मग’ म्हटलं, तर त्या कार्डाचं काही करता येत नाही.

खरखर ऐकू येते.

ताठ कार्ड ढोलकीच्या पानासारखं वाजतं. मागे तर्जनी दाबून धरली की आवाज निम्मा होतो. तरीही आला तर शिसं कडक आहे किंवा टोकाला धार आहे. पॉलिश पेपरवर चार गोल फिरवून टोक गोलसर करा. छोट्या शांत खोलीत नेहमी बोलत असतानाच लिहा. कॉलर माइक लावला असेल तर कार्ड छातीशी धरू नका, माइक ती खरखर शेवटच्या रांगेपर्यंत नेतो.

पावसाळ्यात चिकट गिमिक निसटतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवेतच पाणी असतं. अंगठा स्पिरिटने पुसा, पूर्ण कोरडा होऊ द्या, मग नवी टेप लावून २० सेकंद दाबून धरा. एका टेपवर दोन कार्यक्रम करू नका. कार्डंही ओल धरतात आणि मऊ पडून शिसं नीट घेत नाहीत, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. घाम फार येत असेल तर पावसाळ्यापुरता पट्टीचा वापरा.

मंचावर आणि घोळक्यात काय फरक पडतो?

शाहू स्मारकसारख्या सभागृहात ९ सेंटिमीटरचं कार्ड तिसऱ्या रांगेलाही वाचता येत नाही. तिथे कार्ड प्रेक्षकालाच माइकवर वाचायला द्या. दिसणंच महत्त्वाचं असेल तर १५ × २१ सेंटिमीटरचं जाड पुठ्ठ्याचं पॅड, मेणचट शिसं, आणि आकडा अंगठा पोचेल तेवढ्या कोपऱ्यात. विंगेत उभ्या असलेल्या लोकांना मात्र सगळं दिसतं, त्यांचा विचार आधी करा.

मंडळाच्या मांडवात किंवा रंकाळ्यावर मित्रांच्या घोळक्यात माणसं चहूबाजूंनी असतात. पाठीशी भिंत घ्या. भिंत नसेल तर त्या दिवशी दुसरा प्रयोग करा. हे साधन पाठीमागून झाकता येत नाही, आणि कितीही सराव केला तरी ते बदलत नाही.

पहिला प्रयोग कुठला करावा?

आकड्याने सुरुवात करू नका. एका कार्डावर सहा नावं दोन रांगांत जवळजवळ छापून घ्या: रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, खासबाग, बिंदू चौक, न्यू पॅलेस. सगळी अंगठ्याच्या तीन सेंटिमीटरच्या टप्प्यात येतील अशी. ‘यातलं एक ठिकाण मी आधीच निवडून खूण केली आहे.’ तो नाव सांगतो, तुम्ही त्या नावाखाली एक रेघ ओढता. एकच आडवी रेघ! लिहिण्याची धास्ती नसल्यामुळे सगळं लक्ष नजर, बोलणं आणि वेळेवर राहतं.

त्यानंतर एक अंक. चपलेचा नंबर छान चालतो: ‘अनोळखी माणसाच्या पायाचं माप’ ही गोष्ट कोल्हापुरात पटकन रंगते आणि उत्तर बहुधा एका अंकात संपतं. समोरच्याचा पाय बघून आधी मनातल्या मनात अंदाज बांधा, नऊच्या पुढचा वाटला तर दुसरा माणूस निवडा. दोन अंक त्यानंतर. जन्मतारीख आणि नावं सहा महिने तरी नकोत. अक्षरांची शिरोरेषा अंगठ्याने सरळ येत नाही.

‘अंगठा दाखवा की’ असं कुणी म्हटलं तर?

कार्ड त्याच्या हातात गेलं की सगळे कार्डाकडे बघतात. तो क्षण गिमिक काढायचा. हात खिशात जाण्याला कारण हवं, म्हणून पेन्सिल परत घेऊन ठेवायची किंवा दुसरं कार्ड काढायचं. खिशात खोडरबराचा एक तुकडा टाचणीने अस्तराला लावून ठेवा आणि गिमिक त्यात खोचा. सुट्टा टाकला तर रुमालाबरोबर बाहेर पडतो. ‘परत एकदा करा की’ म्हटलं तर करू नका. दुसऱ्यांदा लोक हाताकडेच बघणार.

लिहिताना चुकलं किंवा शिसं तुटलं तर?

शिसं तुटलं तर कार्ड न दाखवता खिशात टाका आणि ‘आज जमलं नाही’ एवढं म्हणा. प्रेक्षक ते मोठ्या मनाने घेतात, कारण मनातलं ओळखणं अवघड आहे हे त्यांना मान्यच असतं. ६३ चा ६८ दिसत असेल तर कार्ड त्याला न देता स्वतः वाचून दाखवायचा मोह होतो. तसं करू नका, शेजारचा हमखास डोकावतो. ‘एका अंकाने हुकलो’ म्हणून मोकळे व्हा.

यात कायद्याची अडचण येते का?

करमणुकीचा जादूचा प्रयोग म्हणून दाखवलात तर नाही. पण महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्कार दाखवून पैसा कमावणं आणि त्याच्या प्रचारातून लोकांना फसवणं हा त्याखाली गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. नेल रायटरने आकडा लिहून ‘मला सिद्धी आहे, तुमच्या घरातला दोष सांगतो’ म्हणणारा माणूस जादूगार राहत नाही.

कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगा: हा जादूचा प्रयोग आहे, माझ्याकडे कुठलीही शक्ती नाही. प्रयोगाची गंमत त्याने कमी होत नाही. आणि कार्यक्रमानंतर कुणी बाजूला घेऊन ‘मुलीचं लग्न कधी जमेल?’ किंवा ‘ऑपरेशन करावं का?’ असं विचारलं, तर हसण्यावारी नेऊ नका. हे होतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. त्यांना सावकाश सांगा की आकडा मला माहीत नव्हता, ती हातचलाखी होती. ती कशी केली हे सांगायची गरज नाही. ऑपरेशनचं डॉक्टरांनाच विचारा, एवढं मात्र स्पष्ट सांगा.

लहान मुलांना शिकवावं का?

बारा-तेरा वर्षांपुढे. त्याआधी अंगठा पट्टीला लहान पडतो, आणि सुटलेला शिशाचा तुकडा तोंडात जायची भीती असते. लहानांसाठी बिनगिमिकचे पुष्कळ प्रयोग आहेत.

गिमिक ठेवायचा कुठे?

गोळ्यांच्या रिकाम्या प्लास्टिक डबीत, तळाशी कापूस घालून, शिसं वरच्या बाजूला करून. डबीत दोन ठेवा, दोन्ही तयार. धुवायच्या शर्टाच्या खिशात राहिलेला गिमिक पिळताना मोडतो आणि शर्टावर शिशाचा काळा डाग पडतो.